कॅमेऱ्यासमोर ‘मला माहीत नाही’ असे म्हणणारे पाहुणे

जुलै 1996 मध्ये बॅसिल्डनचे हुजूर पक्षाचे खासदार डेव्हिड ॲमेस यांनी ब्रिटिश संसदेत गृहखात्याला ‘केक’ नावाच्या एका अमली पदार्थाविषयी लेखी प्रश्न विचारला. गृहखात्याच्या वतीने त्याला रीतसर उत्तर देण्यात आले आणि ते प्रश्नोत्तर सभागृहाच्या अधिकृत वृत्तांतात छापले गेले. ‘केक’ नावाचा असा कोणताही अमली पदार्थ जगात नव्हता. क्रिस मॉरिस या विनोदकाराने चॅनल फोर या वाहिनीवरील ‘ब्रास आय’ ह्या मालिकेसाठी तो कल्पिला होता, आणि जानेवारी 1997 च्या अखेरीस मालिका सुरू झाली तेव्हा अमली पदार्थांवरील भागात ॲमेस स्वतः त्या पदार्थाचा निषेध करताना सगळ्या देशाने पाहिले. बेसावध पाहुण्यांच्या बनावट मुलाखतींवर उभ्या असलेल्या उपहासात्मक कार्यक्रमांविषयी मला जे म्हणायचे आहे, त्याची सुरुवात ह्या प्रश्नोत्तराखेरीज दुसऱ्या कशाने करता येईल असे मला वाटत नाही.

मॉरिस यांची पद्धत साधी होती. अमली पदार्थांच्या विरोधात काम करणारी एक संस्था असल्याचे भासवून प्रसिद्ध व्यक्तींना पत्रे पाठवायची, एक छोटे जनजागृतीपर निवेदन कॅमेऱ्यासमोर वाचाल का अशी विनंती करायची, आणि ते निवेदन असे लिहायचे की प्रत्येक वाक्यागणिक वाचणाऱ्याला थांबण्याची संधी मिळावी. संस्थेच्या नावाची आद्याक्षरे एकत्र वाचली तर उघड शिवी होत होती. पाहुण्याच्या हाती दिलेली गोळी इतकी अवाढव्य आणि पिवळीधमक होती की ती कोणी गिळू शकेल हेच असंभवनीय होते. दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदक नोएल एडमंड्स यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले की हा पदार्थ मेंदूतील ‘शॅटनर्स बसून’ नावाच्या भागावर परिणाम करतो आणि त्यामुळे माणसाचे काळाचे भान सुटते. ह्या नावाचा पहिला अर्धा भाग एका दूरचित्रवाणी अभिनेत्याचे आडनाव आहे आणि दुसरा एका सुषिर वाद्याचे नाव आहे. बर्नार्ड मॅनिंग या विनोदी कलाकाराने एका मुलाची हकिगत सांगितली, ज्याने म्हणे रडून रडून शरीरातले सगळे पाणी बाहेर टाकले. ह्यांपैकी कोणाच्याही घरात दूरध्वनी नव्हता असे नाही. ओळखीच्या एखाद्या डॉक्टरला किंवा औषधविक्रेत्याला एक प्रश्न विचारला असता तर सगळा बनाव तिथल्या तिथे कोसळला असता.

तो प्रश्न त्यांनी का विचारला नाही, हे समजून घेण्याचा मी प्रयत्न केला आहे. ही माणसे मूर्ख होती असे म्हणून सुटका करून घेणे मला पटत नाही. काम चांगले होते, मुलांना व्यसनांपासून वाचवण्याचे होते, आणि चांगल्या कामाला आपले नाव देताना शंका काढणे हे बहुतेकांना कोतेपणाचे वाटते. शिवाय ती विनंती नम्र होती, कॅमेरा लावलेला होता, समोरची मंडळी ताटकळत होती, आणि अशा वेळी वाक्य अर्ध्यावर तोडून ‘हे तुम्ही कुठून आणले’ असे विचारायला एक प्रकारचा उद्धटपणा अंगी लागतो. भीड भिकेची बहीण असे आपण म्हणतो. इथे ती अज्ञानाचीही बहीण ठरली. ॲमेस यांच्याविषयी तर मला सहानुभूतीच वाटते, कारण ते कष्टाळू लोकप्रतिनिधी होते, प्राण्यांच्या संरक्षणासाठी त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि ऑक्टोबर 2021 मध्ये मतदारांच्या भेटीगाठी सुरू असताना त्यांची हत्या झाली. परंतु सहानुभूती वाटते म्हणून त्या लेखी प्रश्नाचे गांभीर्य कमी होत नाही. इतर पाहुण्यांनी केवळ हाती दिलेल्या ओळी वाचल्या. खासदाराने त्या ओळी कायदेमंडळात नेल्या, आणि शासनयंत्रणेने त्यांवर वेळ खर्च केला. पुढे 2015 मध्ये नशा आणणाऱ्या नव्या पदार्थांविषयीचे विधेयक समितीकडे गेले तेव्हा त्या समितीच्या अध्यक्षांपैकी एक म्हणून ॲमेस यांचीच नेमणूक झाली होती. मॉरिस यांच्या विनोदाने जे दाखवले होते ते एका माणसापुरते मर्यादित नव्हते, हे ह्या नेमणुकीने मला अधिक स्पष्टपणे पटवले.

अशा कार्यक्रमांची नैतिक बाजू तपासताना मी एकच गोष्ट पाहतो. पाहुण्याला प्रत्येक क्षणी बाहेर पडण्याचे दार मोकळे होते का, आणि ते दार ओळखणे हे त्याच्या पदाचे कर्तव्य होते का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर ती फसवणूक मला समर्थनीय वाटते, मग तिच्यात कितीही लबाडी असो. दार मोकळे असूनही ते ओळखण्याची जबाबदारी पाहुण्यावर नसेल, तर हसताना मला अपराधी वाटते. आणि दारच बंद असेल, तर तो विनोद कितीही कुशल असला तरी मला नकोसा होतो.

ब्रिटिश विनोदी नट साशा बॅरन कोहेन यांचे काम ह्या तिन्ही प्रकारांत मोडते, म्हणूनच ते इतके विचार करण्याजोगे आहे. 1998 मध्ये चॅनल फोरवरील ‘द इलेव्हन ओक्लॉक शो’ ह्या कार्यक्रमात त्यांनी वठवलेला अली जी पहिल्यांदा दिसला, 2000 मध्ये त्याला स्वतःचा ‘द अली जी शो’ मिळाला, आणि 2003 व 2004 मध्ये एचबीओने तो अमेरिकेत नेला. लंडनच्या पश्चिमेकडील स्टेन्स ह्या सुस्थित उपनगरातला, अंगावर झगमगीत पिवळा पोशाख आणि बोटांत जाडजूड अंगठ्या घालून जमैकन ढंगाची इंग्रजी बोलणारा हा तरुण, ‘तरुणांसाठी शैक्षणिक कार्यक्रम’ करायला आला आहे असे पाहुण्यांना सांगितले जाई. चित्रीकरणाच्या वेळी तो सामान उचलणाऱ्या मंडळींपैकी एक असल्यासारखा आत येई, सूटबूट घातलेला दुसरा कोणी मुलाखतकार आहे असा पाहुण्याचा समज होई, आणि कॅमेरा सुरू होण्याच्या बेतात तोच समोरच्या खुर्चीत बसे. तोवर पाहुण्याला उठून जाणे अवघड झालेले असे. ह्या युक्तीची बारकाई मला थक्क करते, कारण तिच्यात एकही मोठे खोटे बोलावे लागत नाही. माणसाचा स्वतःचा पूर्वग्रहच उरलेले काम करतो. अली जीच्या रूपाने कृष्णवर्णीय तरुणांचीच थट्टा होते आहे असा आक्षेप त्या काळी ब्रिटनमध्ये घेतला गेला होता, आणि तो मी सहज झटकून टाकणार नाही. तरीही प्रत्यक्ष मुलाखती पाहिल्यावर माझे लक्ष अली जीवर राहत नाही, ते समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर खिळते.

चंद्रावर उतरलेले बझ ऑल्ड्रिन त्याच्यासमोर बसले होते. माणूस कधी सूर्यावर चालेल का, ह्या प्रश्नाला त्यांनी शांतपणे सांगितले की सूर्य फार तप्त आहे. मग हिवाळ्यात गेले तर, असे विचारल्यावरही त्यांचा संयम सुटला नाही आणि सूर्य हिवाळ्यात थंड होत नाही हे त्यांनी समजावून सांगितले. ती मुलाखत पाहताना मला ऑल्ड्रिन यांच्याविषयी आदरच वाटतो, कारण अज्ञानी दिसणाऱ्या माणसाला तुच्छ न लेखता त्याला माहिती देणे हेच एका जाणत्या माणसाचे काम असते. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस घाली यांनाही डिस्नेलँड हे राष्ट्रसंघाचे सदस्य आहे का असे विचारले गेले. डोनाल्ड ट्रम्प आइस्क्रीमचे ओघळ हातावर येऊ न देणाऱ्या हातमोज्याची कल्पना ऐकून एक-दोन मिनिटांत उठून गेले. पत्रकार अँडी रूनी यांनी अली जीचे व्याकरण दुरुस्त केले आणि वैतागून मुलाखत संपवली. ह्या सगळ्यांत मला सर्वाधिक आवडते ती टोनी बेन यांची मुलाखत. मजूर पक्षाचे हे ज्येष्ठ समाजवादी नेते समोरच्या तरुणाला खराच समजत होते, आणि खरा समजूनच त्याच्याशी भांडत होते. संप करणारे कामगार आळशी असतात, भत्ता मिळावा म्हणून बायका मुले जन्माला घालतात, अशी विधाने त्याने केली तेव्हा बेन यांनी त्याला खूश ठेवण्याचा यत्किंचितही प्रयत्न केला नाही. स्त्रियांसाठी तो वापरत असलेल्या शब्दांबद्दल त्यांनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. सापळा तोच होता, पण त्यात अडकण्यासारखे काही त्यांच्यापाशी नव्हते. कॅमेरा गेल्यावर त्यांनी जे म्हटले असते तेच त्यांनी कॅमेऱ्यासमोर म्हटले.

आमच्याकडे बहुरूपी पोलिसाचे सोंग घेऊन दारात उभा राहतो, खोटे वॉरंट वाचून दाखवतो, घरच्यांची घाबरगुंडी उडाली की हसतो आणि शिधा मागतो. त्याचे सोंग त्याच दारात उतरते, आणि फसलेला माणूसच त्याला दाणे घालतो. दूरचित्रवाणीवरच्या सोंगात ही शेवटची पायरी नसते. पाहुणा घरी जातो, आपण एका कार्यक्रमाला उपकृत केले असे समजतो, आणि काही महिन्यांनी सगळ्या जगाबरोबर त्याला सत्य कळते. ह्या मधल्या अवधीत त्याच्या हाती काय उरते, ह्याचे उत्तर चित्रीकरणापूर्वी सही केलेल्या एका कागदात असते. त्या संमतिपत्रात साधारणपणे असे लिहिलेले असते की कार्यक्रमाविषयी तोंडी दिलेल्या कोणत्याही आश्वासनावर मी विसंबलेलो नाही आणि फसवणुकीच्या कारणाने दावा लावणार नाही. बॅरन कोहेन यांनी वठवलेल्या बोरात ह्या कझाक पत्रकाराच्या 2006 मधील चित्रपटात दिसलेल्या काही सामान्य माणसांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावे लावले, तेव्हा 2008 मध्ये न्यायालयाने नेमक्या ह्याच कागदाच्या आधारे ते फेटाळले. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेल; पण घाईत पुढे केलेला कागद न वाचता सही करणाऱ्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला त्यातून मिळालेला धडा मला कठोर वाटतो.

रॉय मूर यांच्या बाबतीत मात्र माझे मत वेगळे आहे. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाचे ते माजी मुख्य न्यायमूर्ती होते, आणि डिसेंबर 2017 मधील सिनेटची पोटनिवडणूक ते अल्पवयीन मुलींशी गैरवर्तन केल्याच्या आरोपांच्या गदारोळात हरले होते. ते आरोप त्यांनी नाकारलेले आहेत. इस्रायलला पाठिंबा दिल्याबद्दल पुरस्कार देण्याच्या मिषाने त्यांना वॉशिंग्टनला बोलावण्यात आले, आणि बॅरन कोहेन यांनी वठवलेल्या इस्रायली दहशतवादविरोधी तज्ज्ञाने बालकांवर अत्याचार करणारे ओळखणारे एक यंत्र त्यांच्याजवळ नेताच ते वाजू लागले. मूर मुलाखत सोडून निघून गेले आणि नंतर त्यांनी 9.5 कोटी डॉलरचा दावा लावला. जुलै 2021 मध्ये तो फेटाळला गेला, आणि पुढच्याच वर्षी अपील न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मूर यांनी ते संमतिपत्र वाचले होते. त्यातील लैंगिक विषयांवरील प्रश्नांशी संबंधित मजकूर त्यांनी खोडलाही होता, पण दावा न लावण्याची उरलेली हमी तशीच ठेवून सही केली. ज्याने हयातभर करारांचा आणि कायद्यांचा अर्थ लावला, त्याला कागदाने फसवले अशी तक्रार करता येत नाही. दार मोकळे होते, आणि ते ओळखण्याचे शिक्षण त्याच्याइतके दुसऱ्या कोणाचे नव्हते.

हा प्रसंग ज्या मालिकेतला, ती ‘हू इज अमेरिका?’ 15 जुलै 2018 पासून शोटाइम वाहिनीवर सात भागांत दाखवली गेली. तिच्या पहिल्याच भागातला जो खंड मला आजही ह्या प्रकारच्या विनोदाचा सर्वोत्तम नमुना वाटतो, तो बंदुकांविषयीचा आहे. तोच इस्रायली तज्ज्ञ, कर्नल एरन मोराद, शाळांतील गोळीबार रोखण्यासाठी एक योजना घेऊन येतो: निवडक मुलांना, अगदी चार वर्षांच्या बालकांनाही, शस्त्रे द्यायची. फ्लोरिडातील पार्कलँडच्या शाळेत सतरा जण मारले गेल्याला तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. व्हर्जिनियातील शस्त्रधारकांच्या संघटनेचे प्रमुख फिलिप व्हॅन क्लीव यांनी मऊ खेळण्यांच्या कातड्यात लपवलेल्या बंदुका हातात घेऊन मुलांसाठी प्रशिक्षणाची चित्रफीत करून दिली. ‘गन ओनर्स ऑफ अमेरिका’चे दीर्घकाळ नेतृत्व केलेले लॅरी प्रॅट यांनी लहान मुले शस्त्र अधिक चपळाईने का चालवतात ह्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण वाचून दाखवले, आणि त्यात यकृताच्या भागाला रीटा ओरा व मज्जामार्गाला कार्डी बी अशी गायिकांची नावे होती. सिनेटमधील माजी बहुमतनेते ट्रेंट लॉट, कॅलिफोर्नियाचे तत्कालीन प्रतिनिधी डेना रोरबाकर आणि माजी प्रतिनिधी जो वॉल्श यांनी योजनेची शिफारस केली.

त्याच खंडात फ्लोरिडाचे तत्कालीन प्रतिनिधी मॅट गेट्झ हेही आहेत. बंदूकधारकांच्या हक्कांचे ते कट्टर समर्थक. त्यांच्यापुढे तीच विनंती ठेवली गेली तेव्हा त्यांनी अविश्वासाने पुन्हा विचारले की तीन-चार वर्षांच्या मुलांना शस्त्रे देण्याला मी दूरचित्रवाणीवर पाठिंबा द्यावा असे तुम्हाला खरोखर म्हणायचे आहे का. आणि एखादी गोष्ट नुसती ऐकून काँग्रेसचे सदस्य लगेच तिला पाठिंबा देत नसतात, असे सांगून त्यांनी नकार दिला. त्यानंतर लागलीच पडद्यावर पाठिंबा देणाऱ्यांची रांग येते. गेट्झ यांच्या राजकारणाशी माझे मुळीच पटत नाही, तरी हा नकार संपादनात ठेवल्याबद्दल मला निर्मात्यांचे कौतुक वाटते. तो वगळला असता तर प्रेक्षकाला वाटले असते की ह्या सापळ्यात कोणीही अडकेल. तो ठेवल्यामुळे हे कळते की एक प्रतिप्रश्न पुरेसा होता, आणि बाकीच्यांनी तो विचारला नाही.

अमेरिकी सिनेटर बर्नी सँडर्स यांच्यासमोर बॅरन कोहेन हे बिली वेन रडिक नावाच्या अतिउजव्या प्रचारकाच्या रूपात बसले आणि नव्व्याण्णव टक्के लोकांना वरच्या एक टक्क्यात कसे बसवायचे ह्याचे गणित कागदावर मांडू लागले. सँडर्स यांनी एकदा आकडे समजावून सांगितले, आणि मग सरळ म्हटले की तुम्ही काय बोलता आहात ते मला कळत नाही. बातमीदारीत आयुष्य घालवलेले टेड कॉपेल यांनी त्याच रडिकचे दावे एकेक करून खोडले, पुरावा मागितला, आणि संभाषण व्यर्थ आहे असे दिसताच मुलाखत थांबवली. अनेक समीक्षकांना हे खंड फसलेले वाटले, कारण त्यांत कोणाची फजिती झाली नाही. मला ते उलट फार मोलाचे वाटतात. सार्वजनिक जीवनातल्या माणसाने ‘मला कळले नाही’ असे कॅमेऱ्यासमोर म्हणताना दिसणे ही दूरचित्रवाणीवर दुर्मीळ गोष्ट आहे, आणि ती नजरेस पडण्यासाठी एका विनोदी नटाला वेष बदलून यावे लागले.

जॉर्जिया राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य जेसन स्पेन्सर यांची गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. अपहरण करू पाहणाऱ्या दहशतवाद्यांना घाबरवण्याचे प्रशिक्षण म्हणून त्यांना कॅमेऱ्यासमोर वंशवाचक शिवी ओरडायला आणि विजार उतरवायला सांगण्यात आले, आणि त्यांनी दोन्ही केले. भाग दाखवला गेल्यानंतर काही दिवसांतच त्यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्या कुटुंबावर हल्ला होईल ह्या भीतीचा गैरफायदा घेतला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. भीती खरी असेल, आणि तिच्याशी खेळणे क्रूरही असेल. पण ती शिवी त्यांनी मागितल्याबरोबर दिली, क्षणभरही न अडखळता. ज्या कृष्णवर्णीय मतदारांचेही ते प्रतिनिधित्व करत होते त्यांना हे कळण्याचा अधिकार होता असे मला वाटते.

जिथे पाहुणा सामान्य नागरिक असतो, तिथे माझा निर्णय इतका सोपा राहत नाही. ‘द अली जी शो’च्या 2004 मधील एका भागात बोरात ॲरिझोनातील टुसॉनच्या एका मद्यगृहात गाणे म्हणतो, ज्याच्या पालुपदात ज्यूला विहिरीत ढकला असे म्हटले आहे, आणि श्रोत्यांपैकी अनेक जण त्याच्या सुरात सूर मिसळतात. बॅरन कोहेन स्वतः ज्यू आहेत. तरीही ज्यूद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या ‘अँटी-डिफेमेशन लीग’ने तेव्हा पत्र लिहून चिंता व्यक्त केली होती, आणि त्याच संस्थेने नोव्हेंबर 2019 मध्ये त्यांचा सन्मान केला, तेव्हा त्यांनी भाषणात त्या मद्यगृहाचा उल्लेख करून सांगितले की त्यातून निदान लोकांची उदासीनता तरी उघड झाली. हा युक्तिवाद मला विचारांती मान्य आहे. केंब्रिजमध्ये इतिहास शिकलेल्या माणसाचा तो युक्तिवाद आहे: द्वेष करणाऱ्यांपेक्षा मान डोलावणारे संख्येने नेहमीच जास्त असतात. परंतु संध्याकाळी दोन घटका करमणुकीला आलेली ती माणसे कोणत्याही पदावर नव्हती, त्यांच्या होकाराने कोणताही कायदा होणार नव्हता, आणि परदेशी वाटणाऱ्या गायकाला वाईट वाटू नये म्हणून टाळी देणारेही त्यांत असतील. ‘हू इज अमेरिका?’मध्ये ॲरिझोनातल्याच किंगमन गावात भव्य मशीद बांधण्याचा खोटा प्रस्ताव नागरिकांच्या बैठकीत मांडला गेला, तेव्हा जे उद्गार निघाले ते ऐकून अंगावर काटा येतो. तिथे भिडेचा प्रश्नच नव्हता. लोक संतापाने, आपणहून बोलत होते. म्हणून तो खंड मला टुसॉनपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो, जरी एका खोलीतल्या मूठभर माणसांवरून सगळे गाव ओळखले जाणे मला अन्यायाचे वाटते.

ज्याला माझा ठाम विरोध आहे तो प्रकार रुमेनियातील ग्लोद गावातला. बोरातच्या चित्रपटात त्याचे कझाक गाव म्हणून जे दाखवले आहे, ते ह्या गरीब रोमा वस्तीत चित्रित झाले. कोणत्या प्रकारचा चित्रपट होतो आहे हे आपल्याला कळलेच नव्हते, आपल्या दारिद्र्यावर माहितीपट होतो आहे असे आपण समजत होतो, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते, आणि त्यांनी लावलेले दावे टिकले नाहीत. त्यांच्या तोंडी कोणतेही मत नव्हते जे उघडे पाडायचे होते. ते फक्त दृश्य होते. ज्यांना समोरच्याची भाषा कळत नाही त्यांच्यासाठी मोकळे दार कसले? मुंबईच्या सायरस ब्रोचा यांनी एमटीव्हीवर केलेल्या ‘बकरा’मध्येही रस्त्यावरचा साधा माणूसच सापडत असे, पण तिथे शेवटी कॅमेरा दाखवून त्याला हसण्यात सामील करून घेतले जाई, आणि त्यातून कोणाच्या विचारांचा पंचनामा करण्याचा दावाही नव्हता. ते वेगळ्या कुळातले काम आहे, आणि माझी त्याच्याविषयी तक्रार नाही.

मॉरिस यांनी 26 जुलै 2001 रोजी दाखवलेल्या ‘ब्रास आय’च्या विशेष भागाबद्दल शेवटी लिहितो, कारण त्यावर मला सर्वाधिक विचार करावा लागला. विषय होता बालकांवरील लैंगिक अत्याचारांभोवती वृत्तपत्रांनी उठवलेले वादळ. आदल्या वर्षी एका साप्ताहिकाने गुन्हेगारांची नावे व छायाचित्रे छापण्याची मोहीम चालवली होती, ठिकठिकाणी जमाव रस्त्यावर उतरले होते, आणि वेल्समध्ये तर एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या घरावर त्यांच्या ‘पीडियाट्रिशियन’ ह्या पदनामाचा ‘पीडोफाइल’ असा भलताच अर्थ लावून अपशब्द रंगवले गेले होते. अशा वातावरणात मॉरिस यांनी पुन्हा बनावट मोहिमा उभ्या केल्या. खासदार सिड रॅप्सन यांनी गुन्हेगार आयर्लंडएवढे मोठे इंटरनेटचे क्षेत्र वापरत असल्याचे सांगितले. रेडिओ निवेदक डॉक्टर फॉक्स यांनी ह्या गुन्हेगारांची जनुके माणसांपेक्षा खेकड्यांशी अधिक जुळतात असे सांगितले, आणि ह्याला पुरावा नसला तरी हे शास्त्रीय सत्य आहे, अशीही पुस्ती जोडली. तक्रारींचा पूर आला, नियामक संस्थेने वाहिनीला क्षमायाचना करायला लावली, आणि गृहखात्याच्या राज्यमंत्री बेव्हर्ली ह्यूज यांनी कार्यक्रमाचा अत्यंत कठोर शब्दांत निषेध केला. मात्र आपण तो पाहिलेला नाही, हे नंतर त्यांना मान्य करावे लागले. पीडित कुटुंबांना त्या रात्री काय वाटले असेल ह्याचा विचार माझ्या मनातून जात नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी हा भाग असह्य मानला तर त्यांच्याशी वाद घालण्याचा मला अधिकार नाही. पण मंत्र्यांना तो अधिकार नव्हता. न पाहिलेल्या गोष्टीवर अधिकारवाणीने बोलणे हेच तर त्या भागाने दाखवलेले दुखणे होते.

अलीकडे हा प्रकार मागे पडला आहे. बॅरन कोहेन यांचा चेहरा आता रंगभूषेखालीही ओळखला जातो, आणि ‘हू इज अमेरिका?’चा दुसरा हंगाम झाला नाही. त्याची जागा काही अंशी डायान मॉर्गन यांच्या फिलोमिना कंकने घेतली आहे, जिच्या 2022 मधील ‘कंक ऑन अर्थ’मध्ये इतिहासाचे आणि विज्ञानाचे खरेखुरे अभ्यासक तिच्या अचाट प्रश्नांना उत्तरे देतात. त्या अभ्यासकांना समोरची बाई एक विनोदी पात्र आहे हे आधीच सांगितलेले असते, आणि ते तिला एखाद्या उत्सुक मुलाला समजावावे तसे समजावतात. कोणाचीही फसवणूक होत नाही, कोणाला न्यायालयात जावे लागत नाही, आणि मी ते भाग मनापासून आनंदाने पाहतो. पण तिथे कोणताही पाहुणा कसोटीला लागत नाही, कारण तिथे बसलेले सगळेच असे लोक आहेत ज्यांना आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे नीट ठाऊक असते; आणि ज्यांना ते ठाऊक नसते, ती मंडळी मंत्रालयांत, प्रतिनिधिगृहांत आणि वृत्तवाहिन्यांवर अजूनही पूर्वीसारखीच निवेदने वाचत असतात.